मुदत संपलेल्या रिव्हॉल्व्हरची कैफियत

मित्रांनो, गंगाखेड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत पडलेला मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. माझ्या एका बाजूला चोरीला गेलेल्या पाण्याच्या मोटारी आहेत, दुसऱ्या बाजूला एक मोडकी सायकल. मी कधी कुणाचा जीव घेतला नाही. तरीही माझ्या गळ्यात लाखेचं सील आहे. ते कसं आलं, ते सांगतो.

माझा जन्म कानपूरच्या कारखान्यात झाला. तिथून मी गोदावरीच्या काठावरच्या एका गावात आलो. गावचे पोलीस पाटील बन्सीधर माझे मालक. नदीतली वाळू चोरून नेणारे ट्रॅक्टर ते अडवायचे, म्हणून त्यांना धमक्या यायच्या. रीतसर अर्ज करून त्यांनी माझा परवाना घेतला. कातडी खोळीत घालून ते मला शर्टाखाली कमरेला लावायचे. मी तिथं आहे हे कुणाला दिसायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यानंच काम व्हायचं. दर आठवड्याला ते मला तेल लावून, त्यांच्या बायकोच्या, कडूबाईंच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या परवान्याला मुदत असते. ती संपण्याआधी अर्ज करून वाढवून घ्यावी लागते. नाहीतर मी घरात असणं हाच गुन्हा ठरतो.

ती वेळ आली तेव्हा बन्सीधर गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणाला खिळले होते. कडूबाईंचा धाकटा भाऊ महारुद्र भेटायला आला. आईवडील गेल्यावर तो याच घरात वाढला, इथूनच शाळेत गेला.

"दाजी, तुमी कशाला तरास घेता? मी परभणीला जायलोयच. अर्जावर सही करा अन् परवाना द्या माझ्याकडं."

कडूबाईंनी स्वतःच्या हातानं कागद पिशवीत घालून दिले. पुढं बन्सीधर विचारायचे, "झालं का रे?" महारुद्र म्हणायचा, "व्हायलंय दाजी. साहेबांची सही तेवढी राहिलीय." आम्ही सगळे निर्धास्त होतो.

मुदत संपली आणि लगेच ठाण्याचे जमादार भुजंगराव दारात आले. कुणीतरी तक्रार केली होती.

"पाटील, परवाना दाखवा."

"नूतनीकरणाला दिलाय. मेव्हण्याकडं हाय."

महारुद्रला बोलावलं. तो आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "दाजींनी माझ्याकडं कायबी दिलं न्हाई," तो म्हणाला.

"मी माझ्या हातानं दिलं की रे तुला," कडूबाई म्हणाल्या.

भुजंगराव हळू आवाजात म्हणाले, "पाटील, कागद न्हाई तर मला हे घ्यावंच लागंल." बन्सीधरांनी कपाटातून मला काढलं, गोळ्या बाहेर घेतल्या आणि मला जमादारांच्या हातात दिलं. ज्या गावात ते कायदा सांगायचे, तिथंच गुन्हेगार म्हणून त्यांचं नाव लागलं.

पुढचं मी या खोलीत ऐकलं. मी गेल्यावर नदीत ट्रॅक्टर बिनधास्त उतरू लागले. एके सकाळी काठी टेकत बन्सीधर आणि त्यांच्यासोबत कडूबाई पात्रात गेले आणि एका ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. चालवणारा महारुद्र होता. ट्रॅक्टर नवा होता, वाळूवाल्यानं त्याला दिलेला. बहिणीवर त्याला तो घालता आला नाही. ठाण्यात त्यानं सगळं कबूल केलं. त्या ट्रॅक्टरच्या बदल्यात परवाना त्यानं पुलावरून नदीत टाकला होता.

नंतर बन्सीधर आणि कडूबाई इथं आले. भुजंगरावांनी मला टेबलावर ठेवलं. "आता खरं काय ते वर कळवतो. तुमी नव्यानं अर्ज करा पाटील. हे परत मिळंल."

बन्सीधर काही बोलणार, तोच कडूबाई म्हणाल्या, "नगं जमादार. परक्याच्या भ्यावानं घेतलं हुतं ते. दगा देणारा तर माझ्या चुलीपाशी जेवत हुता. त्याच्यावर का रोखायचं हुतं हे?"

बन्सीधरांनी रुमालानं माझ्यावरची धूळ पुसली. मग मला तिथंच सोडून दोघं निघून गेले.

मित्रांनो, मुदतीचं काम स्वतः जाऊन वेळेत करा. आणि कुणी विश्वासानं तुमच्या हातात काही दिलं, तर ते जिथं पोचवायचं तिथं पोचवा. मला चोरानं पळवलं असतं तर मी चोराला दोष दिला असता. महारुद्रला काय म्हणू, ते मला अजून कळत नाही. दर राखीला तो घरी यायचा, तेव्हा बन्सीधर मला कमरेवरून काढून कपाटात ठेवायचे. "घरच्या माणसापुढं हत्यार कशाला," असं म्हणायचे.