खाटेजवळची खुर्ची

मित्रांनो, मी रुग्णालयातली एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला रुंद पाठ दिली, म्हणून थकलेल्या माणसांना मी आवडते. सोबतीला आलेल्यांचे किती उसासे मी ऐकले, ते देवालाच ठाऊक! पण भेटीची वेळ संपली की मला वॉर्डाबाहेर काढतात. झाडायला अडचण होते म्हणे!

एकदा पोट दुखतं म्हणून छकुली दाखल झाली. वयाने पस्तिशीची, पण घरात अजून छकुलीच. मनातलं तिला शब्दांत सांगता येत नसे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही." जेवलीस का? "नाही." नाव काय? तरी "नाही"च!

दुपारी घंटा झाली. "आजी, उठा. नियम सगळ्यांना सारखा," म्हणत वॉर्डातल्या मावशींनी तिच्या म्हाताऱ्या आईला बाहेर काढलं, पाठोपाठ मलाही. दाराबाहेर आई पुन्हा माझ्यावरच टेकली.

इतक्यात आतून देवाचं गाणं ऐकू आलं. छकुली गात होती!

"वा गं बाई! होऊ दे आणखी," शेजारच्या खाटेवरून दाद आली. सूर चढला. सगळे खूश. आईने मात्र माझा हात असा आवळला की माझे सांधे करकरले. ती दाराकडे धावली.

"अहो, तिला दुखतंय!"

"दुखणारं माणूस गातं होय, आजी?" मावशी हसल्या.

"माझी गाते! लहानपणी पडली की, रडू नको, देवाचं नाव घे, असं मीच शिकवलंय तिला. डॉक्टरांना बोलवा हो!"

डॉक्टरीणबाईंनी येऊन पोटावर हात ठेवला, तसा सूर चिरकला. त्यांचा चेहरा उतरला. "अपेंडिक्स फुटायच्या बेतात दिसतंय. ऑपरेशनची तयारी करा!"

आई माझ्यावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. 

छकुलीला परत आणलं. तिने डोळे उघडले, पण तोंडातून सूर नाही. आता मावशीच घाबरल्या. "आजी, ही गात का नाही हो?"

आई डोळे पुसत हसली. "गप्प आहे ना? मग बरं आहे तिला."

मावशींनी स्वतः मला आत आणून खाटेला लावलं. "बसा, आजी. झाडू मी वळसा घालून मारीन."

मित्रांनो, माझा एक पाय आता डुगडुगतो. तो ठोकून घेतलात तर बरंच होईल. पण मला उचलायला याल, तेव्हा आधी बघा, माझ्यावर कोण बसलंय. खाटेवरच्या माणसाचं बोलणं कदाचित त्या एकट्यालाच कळत असेल.