पिंजाऱ्याचा डेमो

"लय भारी आहे बे!" श्रावण ओरडला. "एका ठोक्यात तीन राक्षस!"

अमरावतीच्या त्या गेम पार्लरात कॉलेजची पोरं पडद्याला चिकटली होती आणि पार्लरचा मालक दानिश गल्ल्यामागे दातओठ खात उभा होता. ही तारीफ त्याची व्हायला हवी होती. कापूस पिंजायची कमान घेऊन राक्षसांशी लढणारा पिंजारी त्याने याच खोलीत, मित्र रोहितच्या शेजारी बसून रचला होता. रोहित सगळं उचलून पुण्याला पळाला. आज गेमच्या डेमोवर एकट्याचं नाव मिरवत तो जावयासारखा पहिल्या खुर्चीत बसला होता.

"लोकायचं पहिलं मत तुह्याच दुकानात घेऊ, दोस्ता," असं त्याने वर तोंड करून फोनवर म्हटलं होतं. दानिशने लगेच होकार दिला, कारण गेममधली एक खोट फक्त त्याला ठाऊक होती. गावातल्या विहिरीच्या काठावर चढून कमान मारली की गेम जागच्या जागी बंद पडायचा. रोहितच्या कंपनीचे दोन साहेब मागे बसले होते. त्यांच्यादेखत त्याचं नाक कापायचं होतं.

"पळते हळू," दुसरा पोरगा म्हणाला, "पण कमानीचा आवाज अस्सल आहे."

आवाज दानिशच्या अब्बांच्या, पिंजारी अब्दुल रहीम यांच्या कमानीचा होता. रोहितनेच तो कधीतरी टिपून नेला होता. पुढे भातकुलीकडच्या शेतांत कापसाच्या जागी सोयाबीन आलं, फोमच्या गाद्या आल्या, अब्बांना कोणी बोलावीना. त्यांनी कमान मोडून चुलीत घातली आणि तेव्हापासून ते फारसे बोलतच नसत.

आता जेवणाचा डबा घेऊन तेच दारात उभे होते. "हे कोन पिंजून राह्यलं?"

"गेम आहे, चाचा. बसा," म्हणत श्रावणने सरकून जागा दिली.

पडद्यावरच्या पिंजाऱ्याने आधी कमानीच्या रिकाम्या दोरीवर, तातीवर, दोन ठोके दिले. पिंजारी आल्याची गल्लीला वर्दी द्यायची अब्बांची ही पद्धत होती. त्यांचा हात आपोआप उचलला गेला. "आता बाया गाद्या घेऊन निंघतीन," ते श्रावणला म्हणाले.

दानिशने ते पाहिलं. पण साहेबांकडे वळून हसणारा रोहितही त्याला दिसला आणि त्याचं डोकं फिरलं.

"श्रावण, विहिरीवर चढ. तिथून मार."

ठोका पडला. पडदा थिजला, आवाज तुटला.

"अबे, हे तं बोगस निंघालं!" पोरं खदखदली. साहेब उठले. त्यांच्यामागे रोहित मान खाली घालून निघाला. दानिशच्या काळजाला थंडावा मिळाला.

"बंद काहून झालं?" अब्बांचा हात अजून हवेतच होता. मग ते हळूच मुलाला म्हणाले, "बेटा, फिर से लगा ना."

पार्लर रिकामं झालं होतं. दानिशने मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर रोहितचं नाव आलं, ते जाईपर्यंत तो थांबला. मग पिंजाऱ्याला विहिरीपासून दूर नेऊन तो ठोक्यामागून ठोके देत राहिला.

"आहिस्ता," अब्बा म्हणाले. "रुई उड रही है."

दानिशने हात हळू केला.