घुबडाला एकच प्रश्न

दादाने आग लावायचं ठरवलं.

आग खरी नव्हती. जेवणाच्या टेबलावर खेळाचा नकाशा पसरला होता आणि आमची तीन पात्रं, म्हणजे बोटभर उंचीच्या तीन बाहुल्या, गुहेच्या तोंडाशी उभ्या होत्या. गुहेत खाणदैत्य, वर कड्यावर घुबडमाणसं. राक्षसांच्या बाजूने नेहमी वहिनी खेळायची. तिच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा असे, आणि त्यामागे तिचे फासे आणि राक्षसांचं पुस्तक. आडोशाच्या अलीकडे आम्ही तिघं: मी, दादा, आणि त्याचा मित्र. मित्र गुरांचा डॉक्टर आहे आणि खेळातही दिसेल त्याला औषध पाजत सुटतो.

"सोपं आहे," दादा म्हणाला. "दैत्यांचं आणि घुबडांचं हाडवैर. धूर दिसला की घुबडं खाली झेपावणार, दैत्य बाहेर येणार, दोघं एकमेकांच्या उरावर बसणार. आपण मधून आत."

"आणि माझ्या शेपटीला आग लागली तर?" डॉक्टरने विचारलं. त्याचं पात्र अर्धं कोल्हा होतं.

"मग औषध घे."

वहिनी हसली नाही. आडोशामागे फासे हातात घोळवत बसली.

हाडवैर दादाच्या पुस्तकात होतं. विद्यार्थी असताना घेतलेली राक्षसांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्याला तोंडपाठ आहे. वहिनी मात्र तिसरीवरून खेळवते. मी प्रयोगशाळेत काम करते, आणि न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडून बघायची मला खोड आहे. पहिली आवृत्ती रद्दीवाल्याकडे मिळाली तेव्हा मी तिन्ही एकदम उघडून बसले होते. पहिलीत दैत्य आणि घुबडं एकाच गुहेत राहतात. दुसरीत एकमेकांच्या रक्ताचे तहानलेले. तिसरीत घुबडं पुन्हा दैत्यांच्या दारावर पहारा देतात. मधे काय घडलं, याबद्दल अवाक्षर नाही. लिहिणाऱ्यांनी एकमेकांची पुस्तकं उघडलीसुद्धा नसावीत.

म्हणजे धूर झाला की दोघं मिळून आमच्यावर तुटून पडणार. आमच्याकडे मेलेलं पात्र परत येत नाही. तिन्ही मेली की खेळ खलास.

दुसऱ्या कुठल्या घरात मी म्हटलं असतं, होऊ दे खलास. पण दादा आणि वहिनी कित्येक महिने एकमेकांशी किल्ली आणि दूध यांपलीकडे बोलत नव्हते. बोलायचे ते फक्त रविवारी दुपारी, या टेबलावर, राक्षसांबद्दल. आज दाराजवळ वहिनीची बॅग भरून ठेवलेली होती. उद्या ती बहिणीकडे जाणार होती. चहा ओतताना ती मला म्हणाली होती, "आज काय ते संपवून टाकू."

दादाला सांगावं, तर पुढचं संभाषण मला पाठ होतं. वहिनी म्हणणार, तुला जुनंच खरं वाटतं. दादा म्हणणार, बदललेलं तू कधी सांगतेस का? टेबलावर घरचं बोलायचं नाही असा नियम होता, पण पुस्तकावरून भांडायला मुभा होती, आणि त्या भांडणात ती दोघं अख्खं घर आणून ओतायची. गप्प बसावं, तर दादा आग लावणार. इकडे आड, तिकडे विहीर.

दादाने फासे उचलले.

"थांब," मी म्हटलं. "आपल्याकडे एक घुबड आहे ना?"

होतं. डॉक्टरने सुरुवातीलाच एका जखमी घुबडाला पकडून मलमपट्टी केली होती. आमच्याकडे रीत अशी, की पकडलेल्या राक्षसाला एका बैठकीत एकच प्रश्न विचारायचा आणि राक्षसाने खरं उत्तर द्यायचं.

"विचार," वहिनी म्हणाली.

प्रयोगशाळेत तीन मोजमापं जुळली नाहीत, तर दोन शक्यता असतात. एक तर मोजणारा चुकला, नाहीतर मधल्या काळात वस्तूच बदलली. मी दुसरी धरली.

"तुम्ही आधी दैत्यांबरोबर एका गुहेत राहायचात. मग वैरी झालात. आता त्यांच्याच दारावर पहारा देता. मधे असं काय बिनसलं होतं?"

"आता पहारा देतात?" दादाचा हात हवेतच राहिला. त्याने वहिनीकडे पाहिलं. "म्हणजे मी आग लावली असती तर..."

"तिघं गेला असतात."

"आणि तू बोलली नसतीस?"

"तू विचारलं नाहीस."

"अहो, घरचं टेबलावर नाही हं," डॉक्टर घाईने म्हणाला. "आधी माझ्या पेशंटला बोलू द्या."

वहिनीने पुस्तक चाळलं. तिथे काही सापडणार नाही हे मला माहीत होतं. तिने ते मिटलं. मला वाटलं, आता उठेल, बॅग उचलेल.

"रात्री आम्ही जागायचो," ती घुबडाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दैत्य झोपायचे. सकाळी आम्ही सांगायला जायचो, रात्री काय काय दिसलं. ते म्हणायचे, काही झालं नाही ना, मग कशाला सांगता? एके सकाळी आम्ही गेलोच नाही. त्यांना ते पाच दिवसांनी कळलं."

डॉक्टरने चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

दादाने फासे हळूच खाली ठेवले. "मग परत का आलात?"

"एका बैठकीत एकच प्रश्न," वहिनी म्हणाली. आता आवाज तिचाच होता.

"बरं. मग पुढच्या रविवारी विचारतो."

तिने फासे पिशवीत टाकले, आडोशाची घडी केली. मी सवयीने बाहुल्यांचा डबा पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. नकाशा तसाच राहिला, आणि त्यावर आमच्या बाहुल्या आणि मलमपट्टी केलेलं घुबड.

दादा टेबलाकडे बघत उभा होता. "मग आज जेवायचं कुठे?"

"ओट्यावर," वहिनी म्हणाली. "उभ्याने."

बॅग दाराजवळच होती. चपला घालताना मला ती ओलांडावी लागली.