निळी की लाल

आमच्या सोलो शहरातल्या चौकात पोलिसानं हात दाखवला, तेव्हा मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गेले कित्येक दिवस नवरा ऑफिसातल्या रेत्नोचं कौतुक करून माझं डोकं उठवत होता. रेत्नोनं म्हणे पोलिसाला ठणकावलं, "तपासणीचा हुकूम दाखवा, तपासणी चालू असल्याचा फलक कुठं लावलाय?" आणि वर लाल पावती मागून घेतली. रेत्नो अशी नि रेत्नो तशी! म्हटलं, आज बघाच. जीभ मलाही आहे.

आम्ही लग्नाला निघालो होतो. मी मोठा अंबाडा घातला होता. घरातून निघताना हेल्मेट मागितलं तर नवरा म्हणाला, "आज राहू दे, अंबाडा विस्कटेल." एवढी माया बघून मी विरघळलेच होते.

स्कूटरवरून उतरून मी पदर खोचल्यासारखी उभी राहिले. "साहेब, आधी हुकूम दाखवा. फलक कुठंय?"

"फलक तपासणी लावली तर लागतो, इबू, बाईसाहेब," म्हातारा पोलीस हसला. "तुमचं उघडं डोकं तर मला चौकातूनच दिसलं."

"साहेब, इथंच मिटवून टाकू ना," नवरा घाईनं पुढं झाला.

"मिटवायचं नाही!" मी ओरडले. "तुमच्या रेत्नोनं मिटवलं होतं का?"

पोलिसानं आमच्या लग्नाच्या कपड्यांकडं पाहिलं. "घर जवळ आहे का? हेल्मेट घेऊन या, सोडतो."

"हे काय, मागच्याच गल्लीत! अहो, जा ना. दाराआडच्या खुंटीवर आहे."

नवरा जागचा हलेना. "पावतीच फाडा, साहेब."

"अहो, हेल्मेट कुठंय?"

"रेत्नोकडं." तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी घरी सोडतो तिला. वाटेवरच राहते."

माझं हेल्मेट. माझ्या मापाचं, मी निवडलेलं. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

पोलिसानं अवघडून पावतीपुस्तक काढलं. "निळी की लाल? निळी म्हणजे गुन्हा कबूल, बँकेत दंड भरून मोकळे. लाल म्हणजे कबूल नाही, कोर्टात येऊन भांडायचं."

मी नवऱ्याकडं बघत राहिले. लाल म्हणा. एकदा तरी लाल म्हणा, मी स्वतः तुमच्या बाजूनं भांडेन.

"निळी," तो खाली बघत म्हणाला.