अबोलीचं वजन

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीत पोरांची वजनं व्हायची, आणि त्या दिवशी माझ्या गिरणीत कुणाचं दळण वेळेवर निघायचं नाही. दोन्हीच्या मधे एकच भिंत. पलीकडं पोरगं रडलं की अलीकडच्या बाया डबा सोडून बघायला पळायच्या. मी हिंदुराव. कळंबच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे, तिथं वीस वर्षं गिरणी चालवतोय. मला दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण या गोष्टीत मी नाक खुपसलं नाही. खुपसायला पाहिजे होतं.

पौषातला दिवस होता. उसाच्या फडावरनं वारं यायचं ते थेट हाडात शिरायचं. अंगणवाडीची सारजाबाई दारात येऊन उभी राहिली, पदर कानावरनं गुंडाळलेला.

"हिंदुराव, तुमचा काटा घटकाभर द्या. आमच्यातला सेल गेलाय."

"घ्या की. पर पिठाचा हाय, पोरं पांढरी हुत्याल."

"हू द्या. न्हायतरी शेंबडानं काळीच हायत."

ही सारजाबाई अशी. पंचवीस वर्षं तिनं वस्तीची पोरं सांभाळली. कालव्याच्या बाजूचं दार तिनं स्वतःच्या हातानं तारेनं बांधून घेतलं होतं, आणि पोर ज्यानं आणून सोडलं त्याच्याच हातात परत द्यायची. एकदा सख्खा चुलता न्यायला आला तर त्यालाही तिनं माघारी धाडलं होतं. माझी दोन्ही लेकरं तिच्याच हाताखाली बसून गाणी शिकली. एकच खोड होती. एखादं पोर वाळलेलं दिसलं की वहीत पाव-अर्धा किलो वाढवून लिहायची. आमच्याकडं पोर वाळलं की बोल आईलाच लागतो, आणि बाईला आयांची दया यायची. वस्तीला हे माहीत होतं, आणि वस्तीला ते बरंच वाटायचं.

पोरं एकेक करून काट्यावर चढली, उतरली. शेवटी अबोली. सोमनाथची धाकटी, तीन वर्षांची. थोरल्या बहिणीचा फ्रॉक तिच्या घोट्यापर्यंत आला होता. तिनं एक बोट पिठात घातलं, चोखलं आणि माझ्याकडं बघून हसली. तिचे हात बघितल्यावर काट्याची गरजच नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला?

काट्यावर आकडा आला, नऊ किलो दोनशे.

सारजाबाईनं तिला खाली उतरवलं, फुंकर मारून काटा साफ केला, परत चढवलं. पुन्हा नऊ दोनशे.

"मागल्या महिन्यात किती हुती?" मी विचारलं.

"धा." तिनं भिंतीकडं बघितलं. "तवाच कार्डावरच्या पिवळ्या पट्ट्यात गेली. हिच्या आजीनं, मालनबाईनं, सुनंला नळावर धा बायांत बोल लावला. म्हनं, लेकराच्या तोंडचं काढून ही माहेरी धाडती. आज लाल लिवलं तर मोनालीला त्या घरात थारा ऱ्हानार न्हाय."

लाल म्हणजे पोर पार कुपोषित, ते मलाही ठाऊक होतं. मायलेकींनी इंदापूरच्या दवाखान्यात चौदा दिवस राहायचं. तिथं औषध, मोजून खाणं, सगळं होतं. पण सोमनाथ बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात, सकाळी मोटारसायकलवर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. घरात दोन जर्सी गायी, आणि त्यांचं करायला मोनाली एकटी. दूध सगळं डेअरीला. सासू शेवटची वाटीसुद्धा किटलीत ओतायची. घरातली पोरगी कोऱ्या चहात भाकरी बुडवून खायची.

"मंग आता?"

"अकरा लिवते. हिरव्यात ऱ्हाईल. महिन्याभरात मी भरून काढते. माझ्या हातानं खाऊ घालते."

"बाई, ह्यो पाव किलोचा खेळ न्हाय."

"मला कळतंय. तुमी कुनाला सांगनार हाय का?"

"मी कशाला सांगू?" मी म्हणालो.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं कार्डावर अकरा लिहिलं, अंगणवाडीच्या मोबाईलमधे अकरा भरलं, आणि मी पुढचं दळण लावलं.

सारजाबाई बोलल्याप्रमाणं वागली, हे मी सांगितलंच पाहिजे. रोज घरनं अंडं उकडून आणायची. शेंगदाण्याचा लाडू कुस्करून भरवायची. अबोलीला मांडीवर घेऊन बाकीच्या पोरांना गाणं म्हणायला लावायची आणि प्रत्येक कडव्याला एक घास द्यायची. पोरगी घास गालात धरून ठेवायची, गिळायचीच नाही. भिंतीपलीकडनं मला ऐकू यायचं, "गिळ गं माझी बाय. गिळ." दिवसाकाठी शंभर वेळा तरी. दहा-बारा दिवस असे गेले.

मग भोगी, संक्रांत आणि पुढं रविवार. तीन दिवस अंगणवाडी बंद. त्यात अबोलीला ताप आला. मोनाली नवऱ्याला म्हणाली, दवाखान्यात नेऊ. सोमनाथनं ट्रंकेतनं कार्ड काढून बघितलं. तो काही वाईट माणूस नव्हे. त्याला पोरीची माया होती, म्हणून तर कार्ड बघितलं. अकरा किलो, हिरवा रंग. "चांगली भरलीय की. थंडीचा ताप हाय, उतरंल," म्हणाला आणि मेडिकलमधनं बाटली आणली.

सोमवारी पहाटे पोरीनं डोळे फिरवले. मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून इंदापूरला निघाले. हायवेला लागायच्या आतच तिचा श्वास थांबला होता, पण मोनालीनं नवऱ्याला ते सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत ती मागनं म्हणत राहिली, "जोरात घ्या, जागी हाय."

मी गिरणी पाच दिवस बंद ठेवली. लोक म्हणाले, हिंदुरावाला फार लागलं. मला काय लागलं होतं ते मी कुणाला सांगणार?

सहाव्या दिवशी मोनालीच्या माहेरची माणसं भेटायला आली. सारजाबाई माझ्याकडं आली. तोंड पार काळवंडलं होतं.

"चला माझ्यासंगं. आज सगळ्यांम्होरं सांगते. मंग तालुक्याच्या मॅडमला बी सांगते. नोकरी गेली तर गेली."

"मी बी हाय," मी म्हणालो. "मी बघितलं हुतं."

अंगणात बायाबापड्या बसल्या होत्या. गोठ्यात गायी धार काढायची वेळ टळली म्हणून हंबरत होत्या, कुणी उठत नव्हतं. मोनाली भिंतीला टेकलेली, डोळे कोरडे. तिची आई शेजारी. आम्ही टेकतोय तोवर मालनबाई सुरू झाली.

"इहीनबाई, तुमच्या लेकीनं माझी नात उपाशी मारली. म्हशीवानी राबती म्हनून सांगत हुता न्हवं? लेकराच्या पोटाकडं बघायला हिला येळ न्हवता. आता आलाय तसं घिऊन जावा तिला."

मोनालीचा बाप खाली मान घालून बसला.

मोनाली उठली. घरात गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती कार्ड घेऊन बाहेर आली आणि सारजाबाईच्या पायाशी बसली.

"ताई, मला वाचता येतंय, पर माझं कोन ऐकतंय. तुमी सांगा यास्नी. माझी अबोली किती किलो हुती? मी तिला उपाशी ठेवली का?"

सारजाबाईनं कार्ड हातात घेतलं. तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघत होतो. खरं तिच्या ओठांवर आलं होतं, शपथेवर सांगतो. मग तिनं मोनालीच्या तोंडाकडं बघितलं.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा किलो हुती. हिरव्यात."

"कागदाचं मला सांगू नका," मालनबाई म्हणाली. "हिंदुराव, काटा तुमच्या गिरणीतला हुता. तुमी खरं बोला."

सगळं अंगण माझ्याकडं वळलं.

"व्हय काकू," मी म्हणालो. "अकराच हुती. मी सोता बघितलं."

मोनाली आईकडं वळली. "ऐकलंस का गं? ऐकलंस?" आणि मग ती रडली. सहा दिवसांत पहिल्यांदा, पार हंबरडा फोडून. मालनबाईचं अंग एकदम सैल पडलं. ती उंबऱ्यावर बसली आणि अगदी बारीक आवाजात, कुणालाच न विचारल्यासारखं बोलली, "मंग माझी नात कशानं गेली रं?"

मोनालीला कुणी माहेरी धाडलं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही कालव्यापाशी आलो. मग सारजाबाई म्हणाली, "हिंदुराव, आता मला खरं बोलायची बी सोय ऱ्हायली न्हाय. खरं बोलले तर ते तिच्या गळ्याला फास."

पुढच्या महिन्यात तिनं नवा सेल आणला आणि एकूण एक पोराचं खरं वजन लिहिलं. बैल गेला आणि झोपा केला, म्हणा हवं तर. चार पोरं लाल निघाली. आठवड्याच्या आत तालुक्याच्या मॅडम जीप घेऊन हजर. भिंतीपलीकडनं मला सगळं ऐकू येत होतं.

"मागच्या महिन्यात तुमच्याकडं एकही मूल लाल नव्हतं. महिन्यात चार कशी झाली? मागचे आकडे खोटे होते का?"

मी गिरणीचा पट्टा हातात धरून उभा होतो. सारजाबाईनं एक व्हय म्हटलं असतं तर पंचवीस वर्षांच्या नोकरीतली ती एक चूक ठरली असती. पण मागचे आकडे खोटे म्हटले की अबोलीचे अकराही खोटे.

"न्हाय मॅडम," सारजाबाई म्हणाली. "मागचे समदे आकडे खरे हुते. पोरं ह्याच महिन्यात वाळली. माझं लक्ष ऱ्हायलं न्हाय. खानं बराबर दिलं न्हाय मी."

मॅडमनी तिच्या तोंडचं तसंच लिहून घेतलं. सारजाबाईनं सही केली, आणि त्याच जीपमधे चार लेकरं आणि त्यांच्या आया बसवून इंदापूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. चारही पोरं बरी होऊन आली.

दळण घेऊन येणाऱ्या बाया आता माझ्या गिरणीत बोलतात, की सारजाबाई पोरांचं खायाचं स्वतःच्या घरी न्यायची. मोनालीसुद्धा त्यांच्यात असते. मी ऐकून घेतो आणि दळण घालतो.