प्रेरणाचं 'अ' आणि 'द'

समुद्रपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आनंदाबाई वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत एकट्याच राहत. मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला. मागची खोली त्यांनी प्रेरणाला भाड्यानं दिली. ती देवळीची, वर्ध्यातल्या एका दवाखान्यात नर्स. तिला नोकरीसाठी आयर्लंडला जायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची होती.

संध्याकाळी स्वयंपाक करता करता बाई तिला शिकवत. बाकी सगळं तिला यायचं, फक्त 'अ' कुठे आणि 'द' कुठे, इथे ती अडायची.

"बाई, मराठीत हे नाईच. मंग मले कसं समजन?"

बाईंनी सोपं करून सांगितलं. ऐकणाऱ्याला ज्याची ओळख नाही, त्याच्या आधी 'अ' किंवा 'ॲन'. एकदा ओळख झाली की 'द'.

परीक्षा जवळ आली तेव्हा बाईंनी तिला आपल्या राहत्या घराबद्दल बोलायला सांगितलं. प्रेरणा थांबत थांबत, पण नीट बोलली, "आय लिव्ह विथ ॲन ओल्ड वुमन. द वुमन हॅज नो वन." मग तिनं विचारलं, "चुकलं का बाई?"

"नाही. अगदी बरोबर आहे."

बाई उठून गॅसपाशी गेल्या आणि तिच्याकडे पाठ करून बराच वेळ वरण हलवत राहिल्या.

प्रेरणा पास झाली, गेलीही. सुरुवातीला फोन यायचे. मग ड्युटी वाढली आणि नुसते मेसेज येऊ लागले. खोली बघायला लोक आले, पण बाईंनी कुणालाच दिली नाही.

एका रविवारी त्या एसटीनं देवळीला, प्रेरणाच्या आईकडे गेल्या. कमलाबाई सोयाबीन निवडत बसल्या होत्या. त्यांनी चहा केला. पोरीचा फोन त्यांनाही कमीच येत होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "बाई, इंग्रजीत पोरगी माह्याबद्दल काय बोले?"

प्रेरणा आईबद्दल कधीच काही बोलली नव्हती.

"खूप बोलायची," आनंदाबाई म्हणाल्या.

"सांगा ना मंग."

आनंदाबाईंनी आठवल्यासारखं करून दोन-चार इंग्रजी वाक्यं रचून म्हटली. माय मदर अशी, माय मदर तशी. कमलाबाईंना त्यातला एकही शब्द कळला नाही, पण सूप मांडीवर तसंच धरून त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.

ऊन उतरल्यावर कमलाबाई आनंदाबाईंना स्टँडवर सोडायला आल्या. गाडी लागेपर्यंत दोघी बाकावर बसल्या.

"येजा अजून घरी," कमलाबाई म्हणाल्या.