बाटलीतला ढग

मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. जुलै अर्धा सरला होता. तिकडे इगतपुरीला भाताची खाचरं तुडुंब भरलेली आणि इकडे एकलहऱ्याजवळच्या आमच्या गावात टोमॅटोची रोपं माना टाकून बसलेली. अशा वेळी पाऊस येवो न येवो, महाराज येतोच. आमच्याकडे सागरानंद आले.

महाराजांनी म्हणे बारा वर्षं समुद्राच्या तळाशी तप केलं होतं. तिथे श्वास कसा घेतला, हे विचारायचं नसतं. त्यांच्या हातात सिद्धकुंभ होता. सिद्धकुंभ म्हणजे कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, लेबल सोलून गळ्याला भगवं फडकं बांधलेली. तळाला चार बोटं सात समुद्रांचं पाणी. महाराजांनी बाटलीचं तोंड धुपाटण्यावर धरून थोडा धूर आत घेतला, झाकण लावलं, बाटली दोन्ही हातांनी आवळली आणि मंत्र पुटपुटत एकदम सोडली. आत पांढरा ढग उमटला. पुन्हा आवळली, ढग गायब. सोडली, हजर.

"इंद्राला मी असा मुठीत ठेवतो," महाराज म्हणाले.

लोक आडवे पडले. मीही हात जोडले. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर तीस वर्षं वाफच बघत आलो, तरी जोडले. त्याची लाज मला अजून वाटते.

गावात एकटी राहून झेंडू पिकवणारी विठाबाई पुढे झाली, बाटलीला बोट लावलं आणि म्हणाली, "महाराज, समुद्राचं पाणी आसं कोमट कसं वो?"

महाराज तयारीचे होते. त्यांनी पिशवीतून दुसरा कुंभ काढला. "शंकेखोराला धूप नाही," म्हणत तसाच तिच्या हातात दिला. विठाबाईनं आवळला, सोडला. बाटली काचेसारखी स्वच्छ.

"पाहिलंत? गावाचे ढग हिनं बांधलेत. ही गावात आहे तोवर थेंब पडणार नाही."

सरपंच सोमनाथनं लगेच निकाल दिला. "विठाबाई, पाऊस पडंपर्यंत म्हायेरी जा. आन् गावच्या विहिरीवर येऊ नको."

"आत्ताच रोपं लावलीत, भाऊ. दोन दिस पानी चुकलं तर जळून जातील. मंग मी खाऊ काय?"

लोक महाराजांनी मागितलेला नारळ घेऊन रांगेला लागले. मीही लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांच्या निरोपाला गाव पुन्हा जमलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या योगिनी मॅडम तशीच एक बाटली, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि काडेपेटी घेऊन आल्या. बाटलीत पाणी ओतून, झाकण लावून त्यांनी ती आधी सरपंचाच्या हातात दिली.

"आवळा आणि सोडा."

सोमनाथनं घाम येईस्तोवर आवळली. ढग नाही.

"सरपंच, तुम्हीपण ढग बांधलेत वाटतं?"

लोक हसले. मॅडमनी काडी पेटवून विझवली, तिचा धूर आत घेतला आणि बाटली विठाबाईला दिली. तिनं आवळून सोडली. ढग धरला, महाराजांच्यापेक्षा दाट.

"बाटली सोडली की आतली हवा फैलावते आणि गार होते," मॅडम म्हणाल्या. "पण वाफेचा थेंब व्हायचा तर तिला बसायला कण लागतो. धुरात ते कण असतात. काल मावशींच्या बाटलीत धूर घातलाच नव्हता."

"मंग आभाळात धूप कोन फिरवतं?" सोमनाथनं विचारलं. त्याच्या जन्मातला हा पहिला शहाणा प्रश्न.

"धूळ असते, समुद्राचं मीठ असतं. शिवाय समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, शेवाळासारखे, उन्हावर जगणारे. त्यांच्यामुळे एक वायू हवेत येतो, त्याचे बारीक कण होतात आणि त्यांच्यावर ढग धरतात. ते ढग थोडं ऊन परत फेकतात, म्हणून पृथ्वी जरा गार राहते. हे जीव कोट्यवधी वर्षं ढगांना हात लावतायत. नारळ कधी मागितला नाही."

"तरी आपल्याकडं पाऊस का नाय?"

"कण असले म्हणून पाऊस पडतोच असं नाही. ढग घाट चढताना इगतपुरीकडेच बरेच रिते होतात, उरलेलं वाऱ्यावर. मावशींना ढग बांधता येत असते, तर त्यांनी ते आधी स्वतःच्या वावरावर बांधले नसते का?"

महाराजांना एवढ्यात समुद्राची हाक आली. ते नाशिकरोडच्या रिक्षात बसले. समुद्र तिकडे कधी गेला, कोण जाणे.

विठाबाईनं हंडा उचलला. "काल समदे हितंच व्हते. दुसरी बाटली आपुन हातात घेऊन बघावी, आसं येकालाबी वाटलं नाय?"

सोमनाथनं बाजूला सरून तिला विहिरीची वाट मोकळी करून दिली. मी तिच्या रोपांना चार हंडे पाणी घातलं. तिनं नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. बरोबरच केलं.

मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडू नका, पुढे करा. वस्तू मागून घ्या, उलटीपालटी करा. आणि चमत्काराचा दोष एखाद्या एकट्या बाईवर येत असेल, तर दोनदा तपासा.

पाऊस सहाव्या दिवशी आला. विठाबाई गावातच होती.